तिसऱ्या हाताचा कंदील

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याचा तडाखा दक्षिणेकडे दापोली व मंडणगड तालुक्यांनाही बसला. केळशीला आमच्या वाडीत नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौले उडाली, विजेचे खांब वाकून आगरांत पडले आणि पुढचे कित्येक आठवडे रात्री अंधारात काढाव्या लागल्या. बॅटरीचे सेल दोन-तीन दिवसांत संपले, मोबाइल चार्ज करण्याची सोय नव्हती. तेव्हा माळ्यावर तुळईला अडकवून ठेवलेले दोन जुने कंदील खाली काढले. त्यांच्या काचा शाबूत होत्या, टाक्या गळत नव्हत्या आणि शेजारच्या घरी दोन बाटल्या रॉकेलही निघाले. अडचण आली ती पेटवण्यात.

आमच्या काकूंचे वय तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. त्यांचा सगळा जन्म कंदील पुसण्यात आणि लावण्यात गेलेला, त्यामुळे ते काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले; पण पडवीत उभ्या राहून एक कंदील लावायला त्यांना सात-आठ काड्या लागू लागल्या. बाहेर पावसाळी वारा, हाताला कंप, आणि काच वर धरून ठेवणारा खटका झिजलेला. तिसऱ्या संध्याकाळी त्या वैतागून म्हणाल्या, "अरे, देवानं हात दोनच दिलेत. एका हातानं काच धरते, दुसऱ्या हातानं काडी धरते. मग वारा कुठल्या हातानं अडवू?"

मी तीस वर्षे यंत्रांची रेखाचित्रे काढायला शिकवली. एखाद्या वस्तूत दोष कोठे आहे हे इतक्या नेमकेपणाने सांगणारे वाक्य मला त्या तीस वर्षांत कोणाकडून ऐकायला मिळाले नव्हते. पेटवायला सोपा असा कंदील करून पाहावा, हे त्या संध्याकाळी मनात आले. पुढची चार वर्षे सवडीप्रमाणे जे केले, जे फसले आणि जे थोडेफार जमले, ते येथे लिहून ठेवत आहे.

कंदील म्हणजे आपण ज्याला कंदील म्हणतो तो, दोन्ही बाजूंना नळ्या असलेला. ही रचना अमेरिकेतील जॉन अर्विन यांची. त्यांनी १८६९ साली पहिल्या प्रकाराचे पेटंट घेतले. त्यात ज्योतीवरून वर गेलेली तापलेली हवा काही प्रमाणात नळ्यांतून फिरून पुन्हा बर्नरखाली येत असे. ही हवा अर्धवट जळून गेलेली असल्यामुळे उजेड थोडा पिवळट पडे. १८७३ च्या दुसऱ्या पेटंटमध्ये त्यांनी धूर टोपीतून सरळ बाहेर जाऊ दिला आणि नळ्यांमध्ये टोपीखालच्या कप्प्यातून केवळ ताजी हवा घेतली. घरोघरी वापरले गेलेले कंदील बहुतेक या दुसऱ्या जातीचे असतात. ज्योतीला लागणारी हवा लांब नळ्यांतून वळसा घालून येत असल्यामुळे बाहेरच्या झोताचा जोर वाटेतच मोडतो. म्हणूनच पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला किंवा रात्री मुठे, म्हणजे खेकडे, पकडायला निघालेली माणसे हातात कंदील झुलवत वहाळातून चालत जात आणि तो विझत नसे.

मात्र हे सर्व काच खाली बसलेली असेल तेव्हाच खरे. काच वर उचलली की नळ्यांचा उपयोग संपतो, बर्नरभोवती बोटभर फट पडते आणि त्या फटीपुरता आपला कंदील साध्या चिमणीसारखाच उघडा होतो. म्हणजे जो दिवा एकदा पेटला की वादळात टिकतो, तो वादळात पेटवता मात्र येत नाही. वापरणाऱ्याची कसोटी त्या पाच-दहा सेकंदांत लागते आणि कंदिलाच्या रचनेत विचार झालेला आहे तो त्यानंतरच्या सगळ्या रात्रीचा. आमच्या लहानपणी ही उणीव जाणवली नाही, कारण कंदील माजघरात, चुलीजवळ, सांजवेळेच्या आधीच लावले जात आणि पेटलेले बाहेर येत. वारा लागेल अशा जागी, अंधार पडल्यावर, एकट्या माणसाने कंदील लावण्याचा प्रसंग तेव्हा क्वचित येई.

प्रथम मला वाटले की काडेपेटीच काढून टाकावी. घरात गॅसची शेगडी पेटवण्याचा ठिणगीचा लायटर होता. तो बर्नरजवळ बसवला तर काम होईल, असा माझा भाबडा समज होता. अर्धा दिवस टकटक करूनही वात पेटली नाही. कारण साधे आहे. जळते ते रॉकेल नव्हे, रॉकेलची वाफ. आणि पेटण्याजोगी वाफ निघण्यासाठी रॉकेलचे तापमान साधारण पस्तीस-चाळीस अंश सेल्सिअसच्या वर जावे लागते. जूनमध्ये आमच्या पडवीत असते सत्तावीस-अठ्ठावीस. काडीची ज्वाळा क्षणभर वातीशी राहिली तरी तेवढा भाग तापवते आणि मग पेटवते. लायटरची ठिणगी त्याआधीच संपून जाते. पेट्रोलच्या सिगारेट-लायटरला एक ठिणगी पुरते, कारण पेट्रोलची वाफ शून्याच्या खूप खालीही निघत असते. नेमक्या याच कारणासाठी रॉकेलमध्ये पेट्रोल मिसळण्याचा विचारही कोणी करू नये. टाकीत साठलेली ती वाफ पेट घेते आणि हातात कंदील राहत नाही, स्फोटक राहते. पूर्वी भेसळीच्या रॉकेलाने घरे जळाल्याच्या गोष्टी ऐकल्या आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

सेलवर तापणारी तारेची गुंडाळी हा दुसरा उपाय होता आणि तो चाललाही. पण खाऱ्या हवेत ठेवलेले सेल पावसाळ्याच्या मध्यापर्यंत पाझरले आणि त्यांचे चिमटे हिरवे पडले. शिवाय वीज नसताना लागणाऱ्या वस्तूने पुन्हा विजेवरच विसंबावे, हे मला बरे वाटेना. काडी ठेवायची हे तेव्हा ठरले. प्रश्न पुन्हा काकूंच्या तिसऱ्या हातावर आला.

यावर सर्वांत चतुर वाटलेली आणि सर्वांत वाईट फसलेली माझी कल्पना अशी होती, की काच उचलायचीच नाही. काचेखालच्या जाळीदार पत्र्यात एक तिरपे भोक पाडून त्याला बोटाएवढी नळी डकवायची, त्या नळीतून पेटती काडी आत सरकवायची आणि नंतर नळीच्या तोंडावर झाकण बसवायचे, असा तो बेत होता. दापोलीला पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराने मान हलवत हलवत का होईना, पण कथलाचा सुरेख डाग देऊन मला ती नळी बसवून दिली. पहिली फजिती काडीने केली. काडीचे तोंड वरच्या बाजूला असले की ज्वाळा लाकडाकडे उतरत नाही आणि ती आधीच मंद जळते. त्यात अरुंद नळीतून नेताना तिला हवा मिळत नाही, त्यामुळे दहांपैकी सात काड्या वातीपर्यंत पोहोचण्याआधीच विझत. मग तारेच्या टोकाला कापूस गुंडाळून, तो रॉकेलात बुडवून पलिता केला. पलित्याने वात पेटे, पण आता अडचण उलटी झाली. नळीचे झाकण केसभर जरी उघडे राहिले तरी तेथून चोरवारा शिरे, ज्योत एका अंगाला झुके आणि काचेवर त्या बाजूने काजळीचा पट्टा उमटे. कंदिलाच्या पोटात हवेचा जो तोल असतो तो किती नाजूक आहे, हे मला त्या एका भोकाने शिकवले. काकूंनी तर तो कंदील दोन दिवसांत परत केला. काडी पेटवायची, काडीने पलिता पेटवायचा, पलित्याने कंदील पेटवायचा, मग पलिता विझवायचा आणि झाकण लावायचे, हे त्यांना द्राविडी प्राणायामासारखे वाटले आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते.

त्यानंतर मी नवे काही जोडण्याऐवजी आहे त्यातले काय बिघडते ते पाहू लागलो. कंदिलाच्या बाजूला तारेचा जो खटका असतो तो खाली दाबला की काच वर उचलली जाते आणि तो खाचेत अडकवला की ती वर राहते. कंदील नवा असतो तोवर हे ठीक चालते. पण तार मऊ असते, खाच उथळ असते आणि पाच-सहा वर्षांत दोन्ही झिजून खटका निसटू लागतो. मग काच एका हाताने धरून ठेवावी लागते. म्हणजे काकूंचा एक हात खाऊन टाकणारा दोष मुळात फक्त दोन-तीन मिलिमीटर खोलीचा होता. मी खाचेच्या जागी कोन असलेला जाड पत्रा बसवला, तार स्टीलची घेतली आणि तिच्या टोकाला अंगठा टेकेल एवढी चपटी पट्टी दिली. आता खटका दाबला की 'टक' असा आवाज होतो आणि काच वर अडकते. पट्टी अंगठ्याने पुढे लोटली की ती आपल्या वजनाने अलगद खाली बसते. तो आवाज मी मुद्दाम ठेवला आहे. अंधारात डोळ्यांना दिसत नसते तेव्हा काम झाले की नाही ते कानाला कळलेले बरे.

एक हात सुटला, तरी वारा राहिलाच.

ते उत्तर समोर दिसत असूनही मला सुचायला वर्ष गेले. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर पडवीला नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापे बांधतात. पाऊस ज्या बाजूने मारतो तेवढीच बाजू झाकायची आणि येण्याजाण्याची बाजू मोकळी ठेवायची. सगळीकडून बंद केलेल्या पडवीत कोणाचा जीव रमत नाही आणि चुलीचा धूरही कोंडतो. काच वर गेल्यावर पडणारी फट ही कंदिलाची पडवीच होय. तिला झाप हवे होते, दार नको होते. मी पत्र्याची चार सेंटिमीटर उंचीची एक पट्टी बर्नरच्या कडेला धरून गोल वळवली. तिने वर्तुळाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग व्यापला आणि समोर काडी व बोटे जातील एवढे तोंड मोकळे राहिले. ही पट्टी दोन छोट्या खुंट्यांवर उभी सरकते. काच उचलणाऱ्या तारेलाच ती जोडलेली असल्यामुळे काच वर जाते तेव्हा झापही वर येऊन फट झाकते, आणि काच खाली बसली की तेही टाकीच्या खांद्यापर्यंत उतरते, म्हणजे उजेड अडवत नाही. कंदील फिरवून झापाची पाठ वाऱ्याकडे करायची, खटका दाबायचा, काडी आत धरायची. काकूंनी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मी काही सांगण्याआधीच त्या म्हणाल्या, "हे झापच की रे!"

तेव्हापासून त्यांना एक काडी लागते, फार वारा असला तर दोन.

झापाने आणखी एक उपकार केला, ज्याचा मी विचारही केला नव्हता. कंदील पेटल्यावर पहिला अर्धा मिनिट ज्योत धुरकट आणि लांबट असते, कारण टोपी अजून थंड असते आणि वर ओढून नेणारा प्रवाह सुरू झालेला नसतो. घाईने काच खाली टाकली की ती त्या अर्ध्या मिनिटात काळी होते. आणि वात मोठी करून लगेच काच बसवली तर एका अंगाने तापून ती तडकते. झाप वर असेपर्यंत ज्योत सुरक्षित असते, त्यामुळे घाई करावी लागत नाही. वात आधी बारीक ठेवावी, ज्योतीची कड सारखी झाली की काच सोडावी आणि टोपीला हात लावून ऊब जाणवू लागली की वात हळूहळू वाढवावी.

वातीची चावी किती फिरवली हे अंधारात कळत नाही, म्हणून तिच्या चकतीवर कानशीने एक खाच पाडली आहे. खाच वर असली की वात बर्नरच्या ओठाबाहेर दोन-तीन मिलिमीटर असते आणि तेवढी पेटवायला पुरते. वात झिजते तशी ही खूण चुकते हे मला मान्य आहे, पण महिना-दीड महिना ती साथ देते. चावी आणि खटका एकाच अंगाला नसावेत हेही मी प्रयोगाअंती शिकलो. पूर्वी ते शेजारी होते आणि काकूंनी दोनदा काच सोडण्याऐवजी वात टाकीत उतरवली.

वातीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण कंदील लागत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या निम्म्या लोकांच्या बाबतीत दोष वातीचा असतो. नवी वात घातल्याबरोबर काडी लावली तर कोरडा कापूस जळतो, म्हणून रॉकेल वरपर्यंत चढायला पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. जुनी वात तुळईला टांगलेल्या कंदिलात पावसाळाभर राहिली की दमट हवा पिते. टाकीत पाणी उतरले असेल तर ते रॉकेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते आणि वातीचे खालचे टोक नेमके त्यातच बुडालेले असते. असा कंदील पेटतो, तडतडतो आणि विझतो. टाकी पूर्ण उपडी करून वाळवणे आणि वात उन्हात टाकणे, याला दुसरा उपाय नाही. वातीचे टोक सरळ कापावे आणि दोन्ही कोपरे किंचित गोलावावेत, म्हणजे ज्योतीला शिंगे फुटत नाहीत. दर वेळी पांढरा कापूस दिसेपर्यंत कातरत बसण्याची सवय मात्र मला पटत नाही. पातळ, सारखी जळकी कड काडीला चटकन धरते. तिच्यावरचे खडबडीत कण तेवढे चिंधीने पुसावेत.

काडेपेटीचेही तसेच. सुरक्षित काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असते आणि लाल फॉस्फरस पेटीच्या कडेच्या पट्टीवर असतो, त्यामुळे गूल कोरडे असले तरी पट्टी ओली झाली की काडी पेटत नाही, नुसती पट्टी खरवडून निघते. आमच्याकडे पट्टीच आधी दगा देते. काकू काडेपेटी तांदळाच्या डब्यात ठेवतात. मी त्यांच्या कंदिलाच्या कडीला घट्ट झाकणाची एक छोटी डबी अडकवून दिली आणि झाकणाच्या आतून पट्टीचा तुकडा चिकटवला. त्या ती डबी वापरत नाहीत. त्यांच्या मते पेटीची जागा तांदळात आहे आणि ती बदलण्याचे कारण नाही.

आता तेलाबद्दल. रेशनवर मिळणारे निळे रॉकेल आमच्याकडे मिळेनासे झाले आहे, म्हणून घरच्या खोबरेल तेलावर कंदील चालेल का, असे मला पुष्कळांनी विचारले. मी करून पाहिले. खोबरेल पेटवायलाच वेळ लागतो, कारण त्याची वाफ निघायला दोनशे अंशांच्या वर जावे लागते आणि एक काडी तेवढी उष्णता कष्टाने देते. वातीच्या टोकाला कापराची चिमूट चोळली तर ही अडचण सुटते; देवापुढे निरांजन लावताना आपण तेच करतो. खरा अडसर त्यापुढे आहे. खोबरेल तेल रॉकेलापेक्षा वीस पटींहून अधिक दाट असते आणि कंदिलात टाकीतील तेलापासून वातीच्या टोकापर्यंतचे अंतर सात-आठ सेंटिमीटर असते. रॉकेल ते सहज चढते, खोबरेल चढत नाही. ज्योत दहा मिनिटे राहिली आणि मग खालून तेल येईना म्हणून वातच जळू लागली. डिसेंबरात पहाटे तापमान चोवीस अंशांखाली गेल्यावर तर टाकीतले तेल थिजलेच. उंडीचे कडू तेल, जे पूर्वी आपल्याकडे दिव्याला आणि होड्यांच्या लाकडाला लावायला वापरत, त्याचीही गत फार वेगळी झाली नाही. समईत तेलाची पातळी वातीच्या ओठाशीच असते, ती का, हे मला त्या दिवसांत नीट उमगले. खाण्याच्या किंवा कडू तेलावर चालणारा कंदील करायचा तर टाकी खाली ठेवून भागणार नाही, ती ज्योतीच्या उंचीला आणावी लागेल, आणि मग तो वेगळाच दिवा होईल. तो मी अजून हाती घेतलेला नाही. तोवर काकूंसाठी मुंबईहून येणारा पुतण्या दुकानातून पांढऱ्या रॉकेलाची बाटली आणतो आणि ती जपून वापरली जाते.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा झाप अजून कागदावरच होते. त्यानंतर वीज जाण्याचे लहानमोठे प्रसंग दर पावसाळ्यात आले आणि त्यांत हा झापाचा कंदील वापरून झाला आहे. त्याचा एक दोष राहिला आहे. झाप ज्या दोन खुंट्यांवर सरकते त्यांना खाऱ्या हवेने गंज धरतो आणि श्रावणापर्यंत ते मध्येच अडकू लागते. खुंट्यांना तेल लावले तर त्यावर धूळ बसते, रंग दिला तर घासून जातो. पितळेच्या पट्टीचे आणि पितळेच्याच खुंट्यांचे माप एका तांबटाकडे देऊन ठेवले आहे. मृग लागण्याआधी ते मिळाले तर यंदाच बसवीन, नाहीतर काकूंनी स्वतः शोधलेला उपाय आहेच. झाप अडकले की त्या कंदिलाच्या टाकीवर बोटांच्या पेराने दोनदा ठोकतात, आणि ते खाली उतरते.